महाराज कुणाकडे यायचे

"हे घर तसं साधंच आहे. आपण पुढे जाऊ या," ती मुलगी म्हणाली, आणि आमच्या ओट्यावर चहा पीत बसलेल्या यशवंतरावांनी बशी खाली ठेवली.

मी आत दाराआड होते. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याने बशी कशी ठेवली यावरून बाईला पुढचं कळतं. मला कळलं की आता आमचं काहीतरी खर्ची पडणार. काय, ते मात्र कळलं नाही.

ही पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची नऊघरी तेव्हा नुकतीच संरक्षित वास्तू म्हणून जाहीर झाली होती. नऊघरी म्हणजे उमरगड संस्थानच्या नोकरदारांसाठी बांधलेली नऊ घरांची सलग ओळ. संस्थानचा इंजिनियर म्हणे मुंबईला साहेबलोकांची अशी घरं बघून आला होता. नऊ घरांवर मिळून एकच कौलारू छप्पर, पुढून एकच लांबलचक लाकडी सज्जा आणि दर दोन घरांत एक समाईक भिंत. त्या भिंतींना आतून दारं होती, कारण नोकरदारांच्या बायका रस्त्यावर दिसायच्या नाहीत. हळदीकुंकवाला निघालेली बाई पहिल्या घरातून उंबरठे ओलांडत ओलांडत नवव्या घरात पोचायची, आणि तिच्या पायाला धूळ लागायची नाही. पुढे भांडणं होत गेली तशी ती दारं विटांनी बुजत गेली. आमच्या आणि शेजारच्या तांबवेकरांच्या मधलं तेवढं राहिलं होतं. ते बुजवण्याचा खर्च कुणी करायचा यावर एकमत झालं नाही, म्हणून दोन्हीकडून त्याला कपाटं लावली होती.

परक्या माणसाला ही नऊ घरं सारखीच दिसतात. पण इंजिनियर दरबारात मुरलेला होता. सज्ज्याला खालून आधार देणारे लाकडी हस्त आहेत ना, त्यांच्यावर त्यानं प्रत्येकाची पायरी कोरून ठेवली. पहिल्या पाच घरांच्या हस्तांवर पोपट. ही घरं न्यायाधीश, मामलेदार अशा अंमलदारांची. पुढच्या चारांवर केळफुलं. ही कारकुनांची. संस्थानं विलीन झाली, घरं राहणाऱ्यांच्या नावावर झाली, पण पोपट आणि केळफुलं जागच्या जागी राहिली. पाचवं घर तांबवेकरांचं, त्यांचे आजोबा न्यायाधीश, म्हणजे शेवटचा पोपट. सहावं आमचं, घळसासींचं, म्हणजे पहिलं केळफूल. यशवंतरावांचे आजोबा खजिन्यात कारकून होते आणि एका बढतीसाठी त्यांचा पोपट हुकला, हे मला लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगण्यात आलं. घरातलं पाणी कुठे भरतात, ते तिसऱ्या दिवशी सांगितलं.

शेजारचे अरविंदराव तांबवेकर यशवंतरावांच्या वर्गातले, शाळेत एका बाकावरचे. एकमेकांना 'अरविंदा' आणि 'यशा' म्हणायचे, रोज संध्याकाळी एकत्र फिरायला जायचे, आणि एकाचं काही चांगलं झालं की दुसऱ्याचं पोट बिघडायचं. मी सहकारी बँकेत खातेवह्यांवर जन्म काढलेली बाई. तिकडे जमा पडली की इकडे नावे पडणार, हे मला बघायचीही गरज नव्हती.

तर ती मुलगी. ऋता चांदोरकर तिचं नाव. पुण्याची, वास्तुकला शिकलेली, वारसा समितीच्या वतीनं आलेली. दर रविवारी सकाळी वीसपंचवीस लोकांना घेऊन ती नऊघरी दाखवायची. तांबवेकरांच्या दारात तिचा पाऊण तास सहज जायचा. पोपटांच्या चोची, न्यायाधीशांनी प्लेगच्या साथीत ओट्यावर भरवलेली कचेरी, वगैरे. अरविंदराव स्वच्छ लेंगासदरा घालून मधूनमधून 'बरोबर आहे' म्हणायचे. मग ती आमच्यापुढे यायची आणि 'हे साधंच' म्हणून पुढे सरकायची. प्रत्येक घरावर समिती निळी पाटी लावणार होती, तिचा कच्चा मजकूर तिनं आम्हाला दाखवला होता. तांबवेकरांच्या पाटीवर सहा ओळी होत्या. आमच्या पाटीवर होतं: 'सहावे घर. रचना वरीलप्रमाणे.'

"बाई, जरा थांबा," बशी ठेवून यशवंतराव म्हणाले. "या घराबद्दल एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगितलेली दिसत नाही."

"कुठली, काका?"

"महाराज इथे यायचे."

मंडळी थांबली. शेजारच्या ओट्यावर अरविंदरावांचं 'बरोबर आहे' घशात राहिलं.

"कुठले महाराज? भाऊसाहेब महाराज?"

"दुसरे कुठले? शेवटचे राजे ते."

"दरबारी कामासाठी यायचे का?" ऋतानं वही काढली.

इथे त्यांनी 'हो' म्हणायला हवं होतं. पण दरबारी कामासाठी राजा न्यायाधीशाकडेही गेला असता. यशवंतरावांना तांबवेकरांच्या वर जायचं होतं.

"छे. काम कसलं? खाजगीत यायचे. आवडायचं त्यांना इथे. बग्गी पलीकडे वडाखाली सोडायचे आणि संध्याकाळचे एकटे चालत यायचे. आमच्या आजीशी गप्पा मारायला."

"आजींशी?"

"आजीचं बोलणं फार गोड. दिसायलाही सुरेख. संस्थानात नाव होतं तिचं."

"आणि आजोबा? त्यांनी याबद्दल कुठे लिहून ठेवलंय का?"

"आजोबा कुठले घरी?" यशवंतराव अभिमानानं म्हणाले. "खजिन्याबरोबर सतत फिरतीवर. त्यांना बिचाऱ्यांना यातलं काही ठाऊकसुद्धा नव्हतं."

माझ्या हातात खारीच्या डब्याचं झाकण होतं. ते मी परत लावलं. बाहेर मंडळींनी एकमेकांकडे बघितलं, मग आमच्या सज्ज्याकडे बघितलं, आणि मग सगळ्यांनी मिळून यशवंतरावांकडे फार मायेनं बघितलं.

पुढच्या रविवारी चाळीस माणसं आली. त्याच्या पुढच्या रविवारी तर लोक रस्त्यापलीकडे उभे होते. तांबवेकरांच्या पोपटांपुढे ऋता पाच मिनिटांत आटपायला लागली, कारण मंडळी पाय बदलत आमच्याकडे बघत असायची. यशवंतरावांनी नवा झब्बा शिवला. महाराज कुठल्या खुर्चीत बसत, अत्तर कुठलं लावत, सगळं त्यांना आठवायला लागलं. राजा गेला तेव्हा हे स्वतः पाळण्यात होते.

"अहो," मी एकदा जेवताना म्हटलं, "जरा बेतानं. लोक भलतंच काही समजतील."

"काय समजायचंय? अरविंदाला झोप नाही आठ दिवस. काल फिरायला आला नाही. पाय दुखतोय म्हणे."

"त्यांचा पाय जाऊ दे. आजींचं बघा."

"आजीचंच तर नाव होतंय," ते म्हणाले आणि त्यांनी आमटी वाढून घेतली. माणूस शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत चालला की त्याला समोरचा खड्डा दिसत नाही. मी तो दाखवायला गेले, तर ते माझ्याकडेही बघेनात.

तांबवेकरांच्या सुलभानं परसात कपडे वाळत घालताना मला हाक मारली. आम्हा दोघींचं नवऱ्यांच्या खात्यात काही पडू न देता बरं चालायचं.

"विजयाताई, गावात काय चाललंय ते कानावर आलंय ना?"

"आलंय."

"भाऊजींना?"

"त्यांच्या कानावर फक्त टाळ्या येतात."

"आमच्याकडे तर वेगळंच," सुलभा म्हणाली. "हे काल मला म्हणाले, आपल्या आजीचा एखादा तरुणपणचा फोटो आहे का बघ. मी म्हटलं, कशाला? तर म्हणाले, असाच."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग चिमटे लावायला लागलो.

यशवंतरावांना खड्डा दिसला तो चौथ्या रविवारी. गळ्यात कॅमेरा अडकवलेल्या एका गृहस्थानं त्यांना ओट्यावर गाठलं आणि विचारलं, "काका, तुमच्या वडिलांचा जन्म कुठला? साल सांगता?"

"चौतीस. याच घरात. माजघरात."

"आणि महाराज यायचे ते साधारण कधी?"

"तेव्हाच की."

गृहस्थानं एक पाऊल मागे घेऊन यशवंतरावांचा चेहरा एका बाजूनं बघितला, मग दुसऱ्या बाजूनं. "वाचनालयात महाराजांचं तैलचित्र आहे," तो म्हणाला. "नाक अगदी तेच." आणि त्यानं फोटो काढला.

यशवंतराव आत आले आणि मोरीवरच्या आरशापुढे उभे राहिले.

"विजया, माझं नाक कसंय?"

"होतं तसंच आहे."

"महाराजांसारखं आहे?"

"आता गाव म्हणतंय तर असेल."

ते खाली बसले. चेहरा असा झाला की मला चेष्टा पुढे रेटवेना. "आजी मला मांडीवर घेऊन भात भरवायची गं," ते म्हणाले. "तिच्याबद्दल असलं बोलतात लोक?"

"लोक नाही बोलले. तुम्ही बोललात. लोकांनी फक्त बेरीज केली."

"मी उद्या जाऊन त्या मुलीला सांगतो, सगळं खोटं होतं."

"सांगा."

"पण मग पाटीवर पुन्हा रचना वरीलप्रमाणे."

"आजी हवी की पाटी, ते ठरवा."

त्यांनी रात्रभर ठरवलं आणि सकाळी चप्पल घातली. ओटा उतरतात तोच ऋता समोरून आली. ती तांबवेकरांकडूनच येत होती.

"काका, बरं झालं भेटलात. एक अडचण आलीय. शेजारचे काका म्हणतात, महाराज त्यांच्याकडे यायचे. त्यांच्या आजीकडे. तुमच्या दारातून फक्त शिरायचे, कुणाला कळू नये म्हणून, आणि मधल्या आतल्या दारानं पलीकडे जायचे. त्यांनी कपाट सरकवून ते दार मला दाखवलं. दार खरंच आहे."

यशवंतरावांची एक चप्पल पायात राहिली, एक पायरीवर सुटली.

"दोन्ही घराण्यांत त्या काळातलं कुणी हयात आहे का? त्यांनी सांगितलं तर पाटीचा मजकूर नक्की करता येईल. येत्या रविवारी."

"आत्या आहे," यशवंतराव म्हणाले. "गडहिंग्लजला. माझ्या वडिलांची मोठी बहीण." हे सांगताना त्यांचा आवाज जरा मोकळा झाला. आपण खोटं बोललो हे स्वतः सांगण्यापेक्षा आत्यानं परस्पर निकाल लावणं बरं, असा तो हिशोब होता. मला तो पटला.

गोदूआत्या शनिवारी आल्या. ऐंशी पार केलेली, ताठ, दोन शब्दांच्या जागी एक वापरणारी बाई. गावातलं सगळं त्यांना एस.टी.तच कळलं होतं. हातपाय धुऊन त्या स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "यशवंताला बोलाव."

यशवंतराव येऊन दाराशी उभे राहिले.

"माझ्या आईला काय करून ठेवलंस?"

"आत्या, मी तसं म्हणालो नव्हतो."

"कसं म्हणालास मग? नवरा फिरतीवर, राजा ओसरीवर. आणखी काय म्हणायचं राहिलं?"

ते मान खाली घालून उभे राहिले. मी पिठलं ढवळत राहिले.

"महाराज कधी आलेच नव्हते का हो, आत्याबाई?" मी हळूच विचारलं.

"महाराज? या ओळीत?" आत्या हसल्या नाहीत, पण हसण्याच्या जवळ आल्या. "त्यांना या नऊघरीचा कोण राग. इंजिनियरनं इथे इतकं सागवान घातलं की राजवाड्याच्या जिन्याला पुरलं नाही. जिना साध्या लाकडाचा झाला आणि जन्मभर करकरला. इकडून बग्गी जायची ती पडदे ओढून. आम्ही पोरं बघायला धावायचो, तर घोडे जोरात हाकायचे." त्या थांबल्या. "माझी आई पहाटे उठून नऊ माणसांचा स्वयंपाक करायची. गप्पा मारायला तिला संध्याकाळ कुठली? उद्या मी त्या पोरीला स्वच्छ सांगणार. कुणी येत नव्हतं. पाटीवर काय घालायचं ते घाला."

"सांग," यशवंतराव म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "तेच सांग, आत्या. मला पाटी नको."

इतक्या वर्षांत त्यांनी तांबवेकरांना काही सोडून दिलेलं मी पहिल्यांदा बघत होते. त्या रात्री ते शांत झोपले.

रविवारी ओट्यावर आत्यांसाठी खुर्ची मांडली. ऋतानं बोलणं टिपून घ्यायचं छोटं यंत्र त्यांच्यापुढे ठेवलं. रस्त्यावर ही गर्दी. अरविंदराव आणि सुलभा येऊन आमच्या पायरीपाशी उभे राहिले. अरविंदरावांच्या हातात त्यांच्या आजीचा फोटो होता, नवीन चौकट घातलेला. सुलभा नवऱ्यापासून हातभर लांब उभी होती.

"आजी," ऋता म्हणाली, "भाऊसाहेब महाराज या घरी येत असत का? तुमच्या आठवणीत काय आहे?"

आत्यांनी पदर सारखा केला आणि तोंड उघडलं.

"मी सांगतो ना," अरविंदराव मध्येच म्हणाले. "गोदूआत्यांना अवघडल्यासारखं होईल. त्याचं काय आहे, महाराज राजे माणूस. ते कारकुनाच्या घरी बसायला कशाला येतील? ते यायचे आमच्याकडे. आता पोपटाच्या दारातून उजळ माथ्यानं शिरलं तर सगळ्यांना दिसणार. म्हणून केळफुलाच्या दारानं शिरायचे. तिथे कुणाचं लक्ष जात नाही. घळसासींकडे ते फक्त जोडे काढायचे."

गर्दीत कुणीतरी हसलं. आत्यांचं तोंड मिटलं.

"काय काढायचे?" त्यांनी विचारलं.

"जोडे," अरविंदराव म्हणाले. "त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, आत्या. राजाचे जोडे सांभाळणं हाही मान आहे. तुमच्या आईनं तो निष्ठेनं सांभाळला."

मी आत्यांच्या खुर्चीमागे होते. त्यांची मान हळूहळू ताठ होताना मला मागून दिसली.

"आत्या," यशवंतराव घाईनं म्हणाले, "तू काल म्हणालीस ते सांग. जे खरं आहे ते सांग."

"सांगते." आत्या त्या यंत्राकडे झुकल्या. "बाई, हे चालू आहे का?"

"चालू आहे, आजी."

"महाराज आमच्याकडे यायचे. जोडे घालून आत यायचे, सरळ माजघरापर्यंत. माझ्या आईसाठी यायचे. मी स्वतः दार उघडलंय."

यशवंतरावांनी दाराची चौकट धरली.

"आणि शेजारी?" ऋतानं विचारलं. "ते मधलं दार?"

"ते दार पीठ मागायला होतं. तांबवेकरांकडे महाराज कशाला जातील? तिथे बघण्यासारखं कोण होतं?"

गर्दीतून असा आवाज आला की मला वाटलं सज्जा कोसळला. सुलभानं तोंडाला पदर लावला. तिला हसू फुटलं होतं की राग आला होता, हे मी तिला आजतागायत विचारलेलं नाही. अरविंदरावांनी फोटो पाठमोरा करून छातीशी धरला.

मंडळी गेल्यावर आत्या आत येऊन देवघरापुढे बसल्या. मी चहा दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला. यशवंतराव त्यांच्याकडे बघायला तयार नव्हते.

"आई रागावेल का गं?" आत्यांनी मला विचारलं.

मी चहावर झाकण ठेवलं.

"जोडे सांभाळायची म्हणतो," त्या म्हणाल्या. "हळदीकुंकवाला पोपटवाल्यांची वाणं लुटून झाली की मग आम्हाला हाक यायची. उरलेलं घ्यायला. आई निमूट जायची, निमूट यायची. एक शब्द नाही कधी." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "नाही रागवायची. अरविंदाचा चेहरा बघितला असता ना, तर हसली असती."

दुपारी दारावर टकटक झाली. अरविंदराव होते. फोटो हातातच होता. ते यशवंतरावांशी बोलले नाहीत, माझ्याकडेही बघितलं नाही. सरळ आत्यांपुढे जाऊन त्यांनी फोटो धरला.

"गोदूआत्या, तुम्ही तिला पाहिलेलं आहे. खरं सांगा. इतकी वाईट होती का हो माझी आजी दिसायला?"

आत्यांनी चष्मा लावून फोटो नीट बघितला. बराच वेळ बघितला. त्यांचा आवाज मऊ झाला.

"वाईट कोण म्हणतंय, अरविंदा? नाकीडोळी छान होती. माझे केस विंचरून द्यायची. पण ती घरंदाज बाई होती. महाराज येऊन उभे राहिले असते, तरी तिनं दार उघडलं नसतं."

मला वाटलं, आता तरी त्यांचं समाधान होईल. खुद्द घळसासींच्या तोंडून इतकी शाबासकी तांबवेकरांना कधी मिळाली नव्हती. अरविंदरावांनी फोटो परत घेतला, सदऱ्याच्या बाहीनं काच पुसली आणि दाराकडे वळले. उंबरठ्यावर त्यांचा पाय अडला.

"उघडलं असतं, आत्या," ते म्हणाले. "का नसतं उघडलं?"